बाबांनी सरळ केलेले खिळे

न्यूहॉल, कॅलिफोर्निया
ता. ९ मार्च १९२२

॥ प्रभूची कृपा ॥

ती. आईस थर्झाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला टर्पेंटाइन चोळतेस ना? इकडे सर्व कुशल. तुझ्या जावयाचा, हॅल्वरचा, खोकला गेला, कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागल्या. प्रभू देतो आहे, मागणं आपलंच सरत नाही.

विशेष म्हणजे आमच्या गोठ्याला सध्या दारूचा गुत्ता चिकटला आहे! घाबरू नकोस. लॉस एंजेलिसची एक सिनेमा कंपनी काउबॉय लोकांचं, हसवणुकीचं, दोन रिळांचं चित्र काढते आहे. गोठ्याच्या भिंतीला त्यांनी गुत्त्याचं नुसतं तोंड उभं केलंय. वर सज्जा, सज्ज्याला कठडा, आणि दार उघडलं की आत आमची गाय! दुपारी सगळ्यांना घेवडा आणि मक्याचा पाव मीच वाढते, पण आधी प्रार्थना. पहिल्या दिवशी हसले. आता दरोडेखोर स्वतःहून टोपी काढून उभा राहतो.

आई, रागावू नकोस, त्यांच्यात आपला ओरिन आहे, तुझा लेक. आजवर तो दुसऱ्या नटांचे कपडे घालून त्यांच्याऐवजी पडायचा. या वेळी प्रथमच त्याचा स्वतःचा चेहरा दिसणार. त्यांचे साहेब मिस्टर क्रेब म्हणाले, चित्र जमलं तर वर्षभराचं काम देतो. मी विचारलं, यातही पडायचं आहे का रे? तर म्हणाला छे, सज्ज्यावर नुसतं उभं राहायचंय. रोज जेवून उठला की विचारतो, आईने माझ्याबद्दल काही लिहिलंय का. मी भांडी घासत राहते. दोन वर्षं झाली, आई. एक ओळ तरी लिही त्याला.

हॅल्वरचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
थर्झा

*

क्लिअर क्रीक, नेब्रास्का
ता. १७ मार्च

चि. सौ. थर्झा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

टर्पेंटाइन चोळते. गुण गुडघ्याला कमी, वास घराला जास्त. पाळकबाई काल आल्या आणि दारातूनच प्रार्थना करून गेल्या.

त्याच्याविषयी लिहिलंस ते वाचलं. तुझे बाबा गाडे बांधायचे. त्यांनी केलेली चाकं अजून या रस्त्यांवर फिरताहेत. त्यांचं दुकान टाकून पोरगा तोंडावर पडतो, का, तर लोकांनी हसावं म्हणून! निघाला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की उभा राहून पोट भरशील तेव्हा पत्र लिहीन, पडून भरणार असशील तर माझी शाई फुकट नाही. बोलले ते बोलले.

तू मात्र डोळे उघडे ठेव. शहरातले सुतार म्हणजे वरून रंग आणि आतून भुसा. त्यांचं काही डुगडुगत असेल तर मुकाट्याने ठोकून घे. उद्या कुणी पडला तर तुझ्याच अंगणात पडेल. लग्नात तुला बाबांच्या खिळ्यांचा डबा दिला आहे ना? एकेक वाकडा खिळा त्यांनी ऐरणीवर ठेवून सरळ केलेला. तो काही शोभेला ठेवायला दिला नव्हता.

त्याला जेवू घालतेसच. पावाला लोणी लावतेस का, हे मी विचारलेलं नाही.

हॅल्वरला आशीर्वाद. देव तुम्हाला सांभाळो.

आई

*

न्यूहॉल
ता. २६ मार्च

ती. आईस शि. सा. नमस्कार.

घाईने लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी गोधडी झटकायला त्या सज्ज्यावर चढले. बघते तर काय, कठड्याची लाकडं आतून करवतीने निम्म्याहून जास्त कापलेली! मनात म्हटलं, आई नेब्रास्कात बसून बघते तरी कसं! बाबांचा डबा आणला, ओकची पट्टी घेतली आणि बाबांसारखे तिरपे खिळे मारून कठडा पक्का केला. वरून चुलीतली काजळी फासली, म्हणजे त्या सुताराला लाज वाटायला नको. मोठ्या समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी पाठलाग होता. जाडा शेरीफ जिन्यावरून धापा टाकत, हवेत पिस्तूल उडवत येतो आणि ओरिन मागे सरकत सरकत अंगाचा सगळा भार कठड्यावर टाकतो. आई, तो कठडा मोडायचाच होता! त्यासाठीच कापला होता. खाली गवताने भरलेली खेचरांची गाडी उभी होती, तीत ओरिनने पडायचं होतं. मी काळजी करीन म्हणून लबाडाने मला सांगितलंच नाही.

कठडा साधा कुरकुरलासुद्धा नाही. ओरिन त्याच्यावर आपटला, उलटा होऊन पलीकडे गेला, आणि विजारीचे पट्टे माझ्या एका खिळ्यात अडकून धुरी द्यायला टांगलेल्या डुकराच्या मांडीसारखा लोंबकळत राहिला. पाय हवेत सायकल चालवावी तसे फिरताहेत. मिस्टर क्रेब ओरडले, मोड, मोड! शेरीफने वरून एक लाथ घातली, तर तोच पाय धरून नाचू लागला. सगळे पोट धरून हसत होते. मला मात्र हसू येईना. पोराच्या वर्षभराच्या कामाला मीच खिळा ठोकला होता ना!

मग हॅल्वरने खाली बोट दाखवलं. पिस्तुलाच्या बाराने खेचरं बुजली होती आणि गाडी गवतासकट ओढ्यापर्यंत पोचली होती. जिथे गाडी होती तिथे आमचं लोखंडी दाताळं पडलं होतं, दाते वर करून. चित्रात दिसू नये म्हणूनच त्यावर गाडी उभी केली होती. ओरिन बरोब्बर त्याच्या वर लटकत होता.

कुणी हसेना. कॅमेरावाला तेवढा सवयीने हँडल फिरवत होता, आणि तो थांबेपर्यंत ओरिनने पाय थांबवले नाहीत. तोवर त्याने खाली पाहिलंच नव्हतं. शिडीने उतरवल्यावर पाहिलं, आणि ते दाताळं स्वतःच उलटं करून ठेवलं.

मिस्टर क्रेबनी विचारलं, हा कठडा कुणी ठोकला? मी पिठाचा हात तसाच वर केला. वाटलं, आता पोराला हाकलणार. त्यांनी टोपी काढली, आणि बराच वेळ परत घातली नाही.

ओरिन स्वयंपाकघरात आला. म्हणाला, कुठले खिळे? मी डबा दिला. तो मांडीवर घेऊन बसून राहिला, जेवायला उठेना. तुझं पत्र त्याला दाखवलं. लोण्याची ओळ त्याने पुन्हा पुन्हा वाचली.

प्रभूचे उपकार किती मोजू? आणि तुझे?

तुझीच
थर्झा

*

लॉस एंजेलिस
ता. २० मे

ती. सौ. ताईस ओरिनचा सा. न.

चित्र लागलं! पडण्याचा प्रसंग पुन्हा घेतलाच नाही, लटकणंच ठेवलं. थिएटरात माझ्या शेजारचा म्हातारा हसता हसता खुर्चीखाली गेला आणि मी त्याला हात देऊन वर काढला, पण लटकणारा तो मीच, हे त्याने ओळखलं नाही. वर्षभराचं काम मिळालं आहे. साहेब सुताराला बजावतात, कापलेल्या लाकडावर पाटी लाव, नाहीतर या पोराची बहीण येईल. मी आता चढण्याआधी खाली बघून घेतो, आणि मग वर.

तुझ्या पावाची आठवण इथल्या हॉटेलात रोज येते. हॅल्वरभाऊजींना नमस्कार. आणि ताई, आईने काही लिहिलं का?

तुझा
ओरिन

*

क्लिअर क्रीक
ता. ११ जुलै

॥ प्रभूची कृपा ॥

चि. ओरिन यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चर्चच्या शेगडीसाठी वर्गणी म्हणून सभागृहात तुमचं चित्र लावलं. पाळकबाईंनी ओढून नेलं. मी डोक्यावरची टोपी कपाळावर ओढून मागच्या बाकावर बसले. सगळं गाव हसलं, पाळकबाईंना उचकी लागली. मी हसले नाही. मी कठडा बघत होते. खिळे काही दिसले नाहीत, पण धरलंय कुणी ते कळलं.

तुला म्हटलं होतं, उभा राहून पोट भरशील तेव्हा लिहीन, पडून भरशील तर नाही. चित्रात नीट पाहिलं, तू उभाही नव्हतास आणि पडलाही नाहीस. लटकण्याबद्दल मी काही बोलले नव्हते. तेव्हा शब्द मोडला असं होत नाही.

दुकानात वाकड्या खिळ्यांचा आणखी एक डबा निघाला. रोज संध्याकाळी ऐरणीपाशी बसून एकेक सरळ करते आहे. बोट चेचतं, पण हात बसतो आहे. थंडी पडायच्या आत येऊन घेऊन जा. पावाला लोणी मी लावीन.

लोभ होताच. आहे.

तुझी
आई