मला काही लागलं नाही

मंगळवार, संध्याकाळ. सांगली.

आज लिहायला बसलेय ती आनंदानं!

शुक्रवारी सिग्नलला माझी गाडी उभी होती आणि मागून एका गाडीनं हळूच ठोकलं. वेग तो काय, बैलगाडीचा. गाडीवाला उतरला, "ताई, गाव कंचं?" म्हणाला, आणि निघाला कवठे महांकाळचा, माझ्या मावशीच्या गल्लीतला! झालं. त्याच्यासोबत, गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोसोबत चहा प्यायले आणि ऐटीत म्हणाले, "मला काही लागलं नाही." कशाला म्हणाले?

शनिवारपासून मान धरलीय. शिलाई मशीनवर दहा मिनिटं वाकता येत नाही, लग्नाचे ब्लाऊज तसेच पडलेत. पण चहा प्यायल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

आज खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई हसल्याच. "चहानं हक्क बुडत नाही हो! असलं दुखणं उशिराच वर येतं. डॉक्टरांचा कागद घ्या, पोलिसांत नोंद करा. भरपाई त्याच्या विमा कंपनीकडं मागता येते." म्हणजे पाव्हण्याच्या खिशाला हात नाही! उडीच मारणार होते, मानेनं आवरलं.

धीर करून त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आवं ताई, लय बरं झालं फोन केलासा. आमच्या हिचीबी मान शनिवारपास्नं वळंना. तुमी लागलं न्हाई म्हणलासा, म्हणून ती लाजून बोललीच न्हाई."

माझ्या एका वाक्यानं तिचंही तोंड बंद केलं होतं!

उद्या आम्ही दोघी आधी दवाखान्यात, मग ठाण्यात. मग चहा. पण चहा पिताना ते वाक्य कुणीही बोलायचं नाही.