जावईबापूंना 'तू' म्हणताना

जावईबापू,

लग्नापासून मी तुम्हाला अहो-जाहो केलं. तुम्ही दारू पिऊन गाडी चालवलीत आणि शेजारी बसलेली माझी मुलगी गेली, तेव्हा कोर्टात मी तुम्हाला 'तू' म्हणाले. ती शिवी होती.

काल तुरुंगात येणारे फादर घरी आले. म्हणाले, "बाई, तो रोज गुडघे टेकतो. देवानं क्षमा केलीय आणि स्वर्गात ती भेटेल, एवढ्या आशेवर आहे."

"भेटेल की. पण तिथल्या रांगेत मी पुढे उभी असेन. आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं."

फादर हसले नाहीत. "फार खोकतो हो," एवढंच बोलले.

आज प्रार्थनेला बसले आणि अडले. देवालाही आपण 'तू'च म्हणतो. शाळेत सिस्टरांनी तसंच शिकवलं. ज्या तोंडानं तुम्हाला शिवी दिली, त्याच तोंडानं त्याला हाक कशी मारायची?

क्षमा केली असं लिहायला अजून हात धजत नाही. पण खोकल्यावर औषध घेतोस ना? गार पाण्यानं आंघोळ करू नकोस.

हे 'तू' कुठून आलं, मला ठाऊक नाही. म्हणूनच पत्र पेटीत टाकवत नाही.

तू जिला आई म्हणायचास, ती