कॉम्प्युटरातली टिकटिक

मंगळवार, ३ फेब्रुवारी २००४

फुकटचा माल खरा कितीला पडला, ते आज मोजलं. मासिकाबरोबर आलेली अँटिव्हायरसची सीडी — फुकट. पहिला अँटिव्हायरस होताच, त्याच्यावर हा दुसरा घातला. आता कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन मिनिटांच्या जागी अकरा. तोवर एक चहा जादा, रोज. परवा रविवारची आख्खी सकाळ त्यात गेली आणि बायको, शालूबाई, ताट वाढून बसून राहिली, ते वेगळंच.

तरी काढणार नाही. शिवाजी पेठेत रेडिओ दुरुस्त करत उभा राहिलेला माणूस मी. पुढं स्पीकर भाड्यानं दिले, कॅसेटी भरल्या, आता लोकांच्या जुन्या कॅसेटींच्या सीड्या करून देतो. दुकानाला दोन कुलपं आहेत. कॉम्प्युटरला दोन राखणदार का नकोत?

कारणही तसंच आहे. आत दानेश्वरी म्हणून एका गिऱ्हाइकाचं काम पडलंय. तिचे अप्पा, बसाप्पा, गुळाच्या सौद्यात भाव पुकारायचे. खणखणीत गळा. गेल्या वर्षी वारले. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट, बारा मिनिटांची. टेप इतकी कुजलेली की कॉम्प्युटरात एकदा उतरवून घेतली आणि हातातच तुकडे झाले. तिथीनं २९ तारखेला वर्ष होतंय. तिच्या आईला आता दिसत नाही. "अव्वाला फोटो काय उपयोगाचा, मामा? आवाज द्या," म्हणाली.

देतो म्हटलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही तरी आत टिकटिक चालते. एक बारीक, एक जाड. हेच ते दोघं राखणदार! समोरच्या संग्रामला बोलावलं — कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तिशीतला गडी. डब्याला कान लावून बसला. काही ऐकू येत नाही म्हणाला, आणि वर शहाणपण शिकवलं.

"मामा, दोन अँटिव्हायरस एका मशीनवर नांदत न्हाईत. एकमेकालाच चोर समजत्यात. एक काढा की."

हसलो. चाळीस वर्षं कानावर पोट भरलंय. मोटर जळायच्या आधी मला कळतं. असा कान कोल्हापुरात दुसरा नाही — हे लिहूनच ठेवतो.

सोमवार, ९ फेब्रुवारी

वाईट झालं. हेडफोन लावून बसाप्पांना ऐकलं. टिकटिक आतही आहे! त्या दोघांचं भांडण रेकॉर्डिंगमध्ये शिरलंय.

बसलो कापायला. टेपच्या काळापासून माझी पद्धत एकच — खराब तुकडा कापायचा, टोकं जोडायची, कापलेलं टोपलीत. दुसरी प्रत ठेवायची नाही. दोन नग झाले की खरा कुठला, याचा घोळ. इथंही तेच. त्याच नावानं सेव्ह.

मंगळवार, १० फेब्रुवारी

काल साफ केलेल्या जागी आज पुन्हा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आता तिची चाल कळली. बसाप्पा पुकारत असतात तोवर ती नसते. ते थांबले की सुरू. पुकारा... टिकटिक. पुकारा... टिकटिक. गेलेल्या माणसाच्या सौद्यात कुणीतरी अजून बोली लावतंय.

अंगावर काटा आला. दुपारचे तीन, रस्त्यावर रिक्षांची रांग, तरीसुद्धा.

सगळ्या मधल्या जागा कापल्या. एकही सोडली नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

दुसरा अँटिव्हायरस काढायला संग्रामला सांगितलं. तो बघतच राहिला. म्हणाला, दोन्ही बंदच आहेत! मशीन सुरू होताना दोघांची झटापट होते, एकमेकाला अडवतात आणि दोघं गप पडतात. पहिल्या दिवसापासून हेच चाललंय. म्हणजे पंधरा दिवस राखणीला कुणीच नव्हतं.

दोन्ही काढले. संग्राम गेला.

टिकटिक आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

कॉम्प्युटर बंद केला. वायर भिंतीतून उपसून हातात धरली. पाच मिनिटं तसाच उभा.

आहे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

शालूबाईला स्कूटरवर घालून कळंब्याच्या तलावावर गेलो. डब्यापासून लांब. पाणी अगदी स्तब्ध. ती शेंगा सोलत बसली. काय ऐकू येतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "खंड्या वरडतोय की मघाधरनं."

खंड्या समोरच्या फांदीवर बसला होता. चोच उघडत होता, मिटत होता. मला फक्त टिकटिक.

मीही शेंगा सोलायला घेतल्या.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

दानेश्वरी आली. दुकानातच सीडी लावली. मिनिटभर ऐकलं आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"मामा, अप्पा थांबत का न्हाईत?"

मी म्हटलं, मध्ये खरखर होती, साफ केली. ती म्हणाली, भाव पुकारला की अप्पा थांबायचे, समोरून बोली यावी म्हणून. त्या थांबण्यात त्यांचा श्वास ऐकू यायचा. घरीसुद्धा तसेच बोलायचे — एक वाक्य, मग थांबणार. अव्वा पलीकडच्या खोलीतून त्यावर हं म्हणायची.

बारा मिनिटांची सात झालीत. संग्रामला बोलावून ऐकवली, मधली पाच परत आण म्हटलं. त्यानं मान हलवली. टिकटिक त्याला कुठंच ऐकू आली नाही. तिलाही नाही.

तिनं सीडी पदराखाली घेतली. पैसे पुढं केले. मी हात मागं घेतला.

रविवार, २९ फेब्रुवारी

न जाऊन कसं चालेल? गेलो. सगळे बसले होते. सीडी लावली. अव्वानं मान खाली घालून ऐकलं. हं म्हणायला दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा बसाप्पा पुढं निघून गेलेले. संपल्यावर तिनं लेकीला विचारलं,

"मागं कोण लागलंय गं त्यांच्या?"

बुधवार, ३ मार्च

शालूबाईनं कानाच्या डॉक्टरकडं नेलं. टिकटिक माझ्याच कानांत आहे — डाव्यात बारीक, उजव्यात जाड. दोन्ही कान चाळीस टक्के गेलेत. चार-पाच वर्षं झाली असावीत म्हणाले.