दोन हातांत न मावलेला गस

३ जून, रविवार

मॅरियन येऊन गेली. पोटची मुलगी, पण हेक्सहॅमच्या ऑफिसात साहेबीण झाल्यापासून ती भेटीला येत नाही, तपासणीला येते. सोफ्याची कुरतडलेली बाजू पाहिली. पोस्टमनच्या पोटरीची चौकशी केली. गसला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. म्हणाली, बाबा, हा टेरियर आहे की उशी?

मग मुद्द्यावर आली. आई जाताना म्हणाली होती, दोन्ही कुत्री शेजारच्या जॉस हेडलीला द्या. मी म्हटलं, तुझ्या आईला तेव्हा ताप होता. तर म्हणते, त्याच तापात आईने तुमच्या गोळ्यांच्या वेळा मला बिनचूक सांगितल्या होत्या.

शेवटी असं ठरलं की ऑगस्टअखेरच्या गावच्या प्रदर्शनात गसला रिंगणात उतरवायचं. परीक्षकाने त्याला धडधाकट म्हटलं तर गस आणि त्याची आई नेटल माझ्याकडे राहतील. नाहीतर दोघं हेडलीकडे. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. माझी मान हलली ती चहा ढवळताना.

हेडलीला माझ्या घरातली काडीही मिळणार नाही. चौथीत कवितापाठाचं बक्षीस त्याने पळवलं तेवढं पुरे झालं. आवाज मोठा होता, इतकंच. भाव माझ्याकडे होता.

उद्यापासून शिस्त. पहाटे टेकडी. ताटातलं उष्टं बंद. संध्याकाळी दोघांपुढे एक कविता, म्हणजे धन्याचा आवाज त्यांच्या अंगात मुरेल.

४ जून

पाऊस. बॉर्डर टेरियर पावसाला भीत नाहीत हे खरं, पण माझे गुडघे बॉर्डर टेरियर नाहीत. टेकडी उद्या.

बेकनच्या कडा टाकून देणं पाप आहे. रेशनच्या काळात वाढलेल्या माणसाला ते जमायचं नाही. गसने घेतल्या. नेटलने नुसतं पाहिलं. तिची नजर थेट माझ्या बायकोच्या, एडिथच्या, थोरल्या बहिणीची. ती बाई लग्नातसुद्धा माझ्याकडे तशीच बघत होती.

९ जून

टेकडी झाली. म्हणजे टेकडीच्या दिशेने गेलो. हेडलीच्या फाटकाशी नेटल जी बसली ती उठेना. ओढलं तर पट्ट्यातून मान काढून आत पसार. तेवढ्यात हेडली कोठारातून आला. बाहीला गवत, तोंडात पाइप. म्हणाला, ये विल्फ्रेड, तुझी म्हातारी माझ्याकडे कामाला लागलीय हे तुला ठाऊक असेलच. रोज सकाळी येते, कोठारातले उंदीर मारते आणि जाते.

मला वाटत होतं ती सकाळी बागेच्या कोपऱ्यात विचार करत बसते.

हेडली म्हणाला, कुत्र्याला काम दे रे बाबा. बिनकामाचा टेरियर आणि बिनकामाचा नवरा, दोघं घर कुरतडतात. स्वतःच हसला. त्याच्या दोन काळ्या कुत्र्याही हसल्यासारख्या वाटल्या. त्या घरात हुजरेगिरी फार.

१६ जून

कवितावाचन. मिस ऑगलने शाळेत पाठ करून घेतलेली दीपगृहाच्या कुत्र्याची कविता म्हटली. रखवालदार वादळात बुडतो, आणि त्याचा कुत्रा मरेपर्यंत दारात बसून राहतो. तेव्हाची माणसं कुत्र्यांना ओळखत असत.

दुसऱ्या कडव्याला नेटल उठून गेली. तिला दमट हवेचे विषय सोसत नाहीत. गस मात्र पायाशी डोळे मिटून शेवटपर्यंत होता. मधे एक मोठा उसासा टाकला. मॅरियन फोनवर म्हणाली, बाबा, त्याला घोरणं म्हणतात. या मुलीला मी एक कविता शिकवू शकलो नाही.

वाचताना मांडीवर चीज-टोस्टची बशी होती, ती नंतर रिकामी दिसली. बहुधा मीच खाल्ला.

२ जुलै

हेडली कुंपणावरून विचारतो, गसचं वजन केलंस का? मी म्हटलं, ते मांस नाही, केस आहेत. तो म्हणाला, मग पोटावरचे केस फारच जड दिसतात, जमिनीला टेकलेत.

उत्तर सुचलं होतं, पण रात्री.

११ जुलै

केसांचं काम काढलं. या जातीला कात्री चालत नाही, हे इथलं पोरसुद्धा जाणतं. मेलेले केस चिमटीत धरून, थोडे थोडे करून उपटायचे असतात. त्याने कुत्र्याला दुखत नाही, उलट सुखच वाटतं. एडिथ मागच्या पायरीवर रेडिओ लावून दुपारभर ते करायची आणि गस तिच्या मांडीवर डोळे मिटून पडायचा.

मीही पायरीवर बसलो. मी गसचे केस ओढले, गसने माझी बाही ओढली. माझा अंगठा सुजला. गसची एक बाजू अर्धी झाली. मग विचार केला, जुन्या चाली उगाच धरून बसायचं कशाला? कवींनीही ओळी छाटल्या आहेत. एडिथची कापड कापायची कात्री आणली.

लांबून छान दिसतो. जवळून वाळवी लागलेल्या पाटासारखा दिसतो, पण परीक्षक इतकं जवळ येत नसावेत.

२० जुलै

नेटल परवापासून हेडलीकडे आहे. हवापालट. या वयात बायकांना लागतोच.

आज भेटायला गेलो. कोठारात हेडलीच्या दोन काळ्यांच्या मधे पेंढ्यावर पसरली होती. नाकावर उंदराच्या दाताची ताजी खूण, आणि चेहऱ्यावर असं समाधान की तसं माझ्या घरात मी कधी पाहिलं नाही. खिशातून सॉसेज काढलं. सॉसेज घेतलं, मला घेतलं नाही. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

हेडली म्हणाला, राहू दे की थोडे दिवस. मी म्हटलं, राहू दे, मीच म्हणणार होतो.

गस माझा आहे. गसला कळतं.

८ ऑगस्ट

प्रदर्शन तोंडावर आलं. टेकडी सोमवारपासून नक्की. गेले काही आठवडे हवा टेकडीची नव्हती. एकदा खूप ऊन होतं.

संध्याकाळी गसला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की तू आणि मी, आपण दोघंच उरलोय, तेव्हा माझी लाज राख. त्याने पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला. दुसऱ्या गुडघ्यावर किपर माशाची बशी होती, पण पंजा माझ्या गुडघ्यावर होता. अर्धा किपर दिला. माशाने चरबी चढत नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

प्रदर्शन. परीक्षक बाई सीमेपलीकडून, सेलकर्कच्या बाजूने आल्या होत्या. तिथेच पाणी मुरतं. स्कॉटलंडची माणसं आमच्या खोऱ्यातल्या कुत्र्याला न्याय देतील ही अपेक्षाच चूक.

बाईंनी रिवाजाप्रमाणे प्रत्येक कुत्र्याची छाती खांद्यामागे दोन्ही हातांच्या वेढ्यात धरली. अंगठे पाठीवर, बोटं पोटाखाली, आणि टोकाला टोक भिडलं पाहिजे. जो कुत्रा दोन हातांत मावतो तो कोल्ह्यामागे बिळात जाऊन परतही येतो, असा जुना हिशेब. हेडलीच्या काळ्या त्यांच्या हातांत पेल्यासारख्या बसल्या.

गसला धरलं. बोटं भिडेनात. बाईंनी पुन्हा धरलं. म्हणाल्या, आजोबा, माझे हात लहान नाहीत हो, मी मेंढ्या भादरते. मी म्हटलं, आज गारठा आहे, बोटं आखडतात. दोरीमागे कोणीतरी खिदळलं. मग त्यांनी केसांतून हात फिरवला आणि थांबल्या. विचारलं, याला कात्री कुणी लावली? माझ्या तोंडून निघून गेलं, नातवंडांनी. मला नातवंडं नाहीत. मॅरियन माझ्या मागेच उभी होती.

बाई गसशी फार गोड बोलल्या. माझ्याशी नाही. म्हणाल्या, कुत्रा सोन्यासारखा आहे, पण याला उपाशी ठेवणारं घर हवं.

मॅरियन गाडीत बसताना म्हणाली, बाबा, उद्या दुपारी मी येते. त्याची झोपायची टोपली काढून ठेवा. आवाज चढवला नाही. तिची आईही अशाच वेळी चढवत नसे.

२६ ऑगस्ट, रविवार

परीक्षक बाई चुकल्या हे सिद्ध करायला एक सकाळ पुरेशी होती. मॅरियन यायच्या आत गसला घेऊन टेकडीवर गेलो. खरोखर वर गेलो. जुन्या दगडखाणीपाशी सशांची बिळं आहेत. एक ससा दिसला आणि गस, माझा गस, सुटला. कान मागे, पोट हलतंय, पण सुटला. सशामागे थेट बिळात. क्षणात शेपूटही दिसेना.

मावला. बोटं भिडोत न भिडोत, बिळात मावला. बाईंना कळवायला हवं.

दुपार. गस अजून आत आहे. विचार करत असावा.

संध्याकाळ. अडकला आहे. बीळ अरुंद आहे. हेडली कुदळ घेऊन आला, कान जमिनीला लावून पडून राहिला, आतून भुंकणं ऐकलं. खालच्या बाजूने हवा येतेय म्हणाला, पण चारी बाजूंनी खडक. कुदळ लावली तर दगड त्याच्यावरच बसतील. आता थांबायचं. भुकेने छाती उतरली की आपोआप निघेल. उन्हाळाभर तुला जमलं नाही ते आता डोंगर करेल.

मॅरियन टोपली न्यायला आली होती. ती खाणीच्या कडेला बसून राहिली. बोलली असती तर उत्तरं तयार होती.

जाताना हेडलीने आपला कोट काढून बिळाच्या तोंडाशी अंथरला. इकडची रीतच आहे ती. कुत्रा बाहेर आला की माणूस नसलं तरी माणसाचा वास मिळतो, मग तो भटकत नाही, त्यावर बसून वाट बघतो. मी म्हटलं, कुत्रा माझा आहे, कोट माझा पाहिजे. तो म्हणाला, घाल की तुझाही, ही काय शर्यत आहे का? मी माझा चांगला कोट अंथरला, त्याच्या कोटाच्या पुढे. खिशात पोर्क पाईचा तुकडा ठेवला. लाच नव्हे. ओळख.

२८ ऑगस्ट

काल भुंकणं ऐकू येत होतं. आज नाही.

बिळाशी पालथा पडून त्याला हाका मारल्या. मग कविता म्हटली, तीच, दीपगृहाची, कारण तो आवाज त्याच्या अंगात मुरलेला आहे. तिसऱ्या कडव्याशी अडलो. इतक्या वर्षांत कधी अडलो नव्हतो. मागे उभ्या हेडलीने पुढची ओळ सांगितली, सगळी, संथपणे. मग पाइप झाडला आणि म्हणाला, विल्फ, तू घरी जा, ओल आहे. मी गेलो नाही. मॅरियनने थर्मास आणून दिला. चहात साखर होती. मला साखर बंद आहे हे तिला माहीत असूनही.

माशाने चरबी चढते की नाही हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

२९ ऑगस्ट

उजाडताना खाणीवर गेलो. हेडली आधीच येऊन उभा होता, हाताची घडी घालून. बोटाने खाली दाखवलं.

माझा कोट ओढून बाजूला पडलेला. खिसा मुळापासून फाडलेला. पाई नाही, पाईचा कागदही नाही. आणि हेडलीच्या कोटावर, पुरता आत शिरून, बाहीखाली नाक घालून गस झोपला होता. मातीने माखलेला, बरगड्या दिसणारा, आईसारखा सडपातळ.

इथे नोंदवून ठेवतो की तो आधी माझ्या कोटाकडे आला. फाटलेला खिसा त्याचा पुरावा आहे.

हाक मारली. एक डोळा उघडला. शेपटी एकदा हलली, दुकानदाराला बघून मान हलवतात तशी. डोळा मिटला.

हेडली बिचारा खाकरला. म्हणाला, घेऊन जा रे घरी, मॅरियनला मी सांगतो. मी पट्टा हातात धरून उभा होतो. वाकणार होतो. कंबर धरली होती. म्हटलं, झोपलाय, झोपू दे. उठला की तुझ्याकडेच जाऊ दे.

दुपारी मॅरियनला फोन करून सांगितलं की कुत्री हेडलीला द्यायचा निर्णय मी घेतला आहे. मग म्हणाली, बरं केलंत बाबा. जेवलात का?

५ सप्टेंबर

गसची टोपली द्यायला हेडलीकडे गेलो. फाटकाची कडी वाजताच कोठारातून चौघं धावत आली, पुढे गस. कसला धावतो आता. फाटकावर पंजे ठेवून माझ्यावर भुंकला. अनोळखी माणसावर भुंकायचं असतं तसा, पोटातून, दात दाखवून.

हेडली आतून ओरडला, गस, गप. आपला विल्फ्रेड आहे तो.

लगेच गप्प बसला. एका शब्दात. शिस्त चांगली लागली आहे.