सिंधेच्या उताराबाबत खरे काय ते

मी, सदाशिवराव मानसिंगराव बाबर, वय त्रेसष्ट, राहणार माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. दबाव टाकण्याइतके माझ्याशी कोणी बोलतही नाही. संस्थानाच्या भूमापन खात्यात नकाशे काढायला लागलो, मध्यभारताच्या खात्यातून निवृत्त झालो आणि आता मध्यप्रदेशात मरणार आहे. एवढ्या काळात घर मात्र एकदाही बदलले नाही.

कलम १. हे घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते, आतील भांड्याकुंड्यांसह, माझी विधवा सून शामला हिला पूर्ण मालकीने देतो. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर दुसरे लग्न करून त्यात सुखाने नांदावे. माझे बंधू जगदेवराव व भगिनी मंदाताई यांचा त्यावर हक्क नाही. मंदाताईने तोंड उघडण्याआधी कलम ४ ऐकावे.

कलम २. कपाटातील एकशे बारा पुस्तके, बहुतेक इतिहासाची, ज्याला हवी त्याने न्यावीत. कोणी न नेल्यास रद्दीत घालावीत. ‘बळवंतच्या स्मरणार्थ’ असा शिक्का मारून ती वाचनालयाला देण्याची टूम जगदेवरावांनी काढली होती. तसे मुळीच करू नये. माझ्या मुलाच्या नावाचा शिक्का या पुस्तकांवर मारणे म्हणजे जखमेवर मीठ.

ही पुस्तके पिशवीत घालून मी वीस वर्षे रानोमाळ हिंडलो. बळवंत आठ वर्षांचा झाल्यापासून बरोबर असे. नरवरच्या तटावर बसून टिक्कड आणि लोणचे खायचे, मी लढाईचे पान मोठ्याने वाचायचे आणि त्याने खाली बोट दाखवून म्हणायचे, “आबा, तोफा तिकडून आल्या असतील ना?” त्याहून मोठे सुख मला मिळाले नाही. पण इतिहास वाचून रानात जाणाऱ्याला एक खोड लागते. त्याला समोरचे दिसत नाही, लिहिलेले दिसते.

कलम ३. होकायंत्र सरकारी आहे. निवृत्त होताना परत करायचे राहिले. पुढे राज्य बदलले, कार्यालय भोपाळला गेले, कोणी मागितलेच नाही. ते टपालाने पाठवून द्यावे. माझे बूट व पाण्याची बाटली कोणालाही द्यावी. बळवंतचे बूट नाहीत. ते त्याच्या पायातच होते.

कलम ४. फेब्रुवारी १९५० मध्ये बळवंत नरवरजवळ सिंध नदीत बुडाला. त्याच्या लग्नाला आठ महिने झाले होते. तो हट्टाने पोहायला उतरला, असे मी घरी सांगितले. ते खोटे आहे.

नदी पायी ओलांडायचा तिथे एक जुना उतार आहे. एका पुस्तकात लिहिले होते की आपले सैन्य त्या उतारावरून नदीपार झाले आणि घोड्यांच्या पोटालाही पाणी लागले नाही. मला तिथूनच पायी जायचे होते. काठावरचा नावाडी म्हणाला, “बाबूजी, इहाँ से मत उतरो. धार बदल गई है, आगे दह है.” मी त्याला म्हणालो, “भैया, किताब में छपा है.” बळवंत म्हणाला, “आबा, नावेनंच जाऊ या की.” मी म्हणालो, “आपल्या पूर्वजांनी नाव मागितली नव्हती.” तो हसला आणि माझ्या आधी पाण्यात उतरला. दहा-बारा पावलांवर डोह होता.

नदी पात्र बदलते, म्हणून जुने नकाशे खोडून बत्तीस वर्षे नवे काढणारा मीच. दीडशे वर्षांपूर्वीच्या पाण्यावर मी पोटचा मुलगा सोडला.

तेराव्याला मंदाताई भर माजघरात म्हणाली, “पांढऱ्या पायाची आहे पोरगी, आली आणि घराचा दिवा विझवला.” शामला पाने वाढत होती. मी मान खाली घालून जेवलो. त्यानंतर सात वर्षे नात्यातल्या एकाही कार्याला तिला बोलावले नाही आणि मला ते सोयीचे पडले. मी भेकड आहे. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

कलम ५. येथे ‘हे पत्र माझ्या तेराव्याला सर्वांसमक्ष वाचावे’ असे लिहिले होते. ते खोडले आहे. खाडाखोड माझीच, शेजारी सही आहे. कारण असे:

आज सकाळी हे कागद मी शामलेला वाचायला दिले. तिने उभ्यानेच वाचले. मला वाटले रडेल, शिव्या देईल. तिने कागद सारखे करून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, “मामंजी, माझी आई गेल्या चैत्रात गेली. लेकीच्या पायगुणानं जावई गेला, हेच मनात धरून गेली. तिला आता कोण वाचून दाखवणार?”



मग म्हणाली, “तुम्ही मेल्यावर नको. या रविवारी सगळ्यांना बोलवा. आणि तुमच्या तोंडानं वाचा.”

म्हणून रविवारी, १३ तारखेला, दुपारी चार वाजता मी स्वतः हे वाचणार आहे. जगदेवराव व मंदाताई यांना निरोप गेला आहे. त्यानंतर ती या घरात राहील की नाही, हे तिने सांगितलेले नाही. मी विचारलेही नाही.

वरील मजकूर मी शुद्धीत लिहिला व खालील दोघांसमक्ष सही केली.

(सही) सदाशिवराव मानसिंगराव बाबर

साक्षीदार:
१. (सही) रघुनाथराव गोविंद वैशंपायन, वकील, नया बाजार
२. (सही) लीलाताई केशव मोघे, निवृत्त शिक्षिका, माधवगंज

लष्कर, ग्वाल्हेर
बुधवार, ९ जानेवारी १९५७