आचमनापलीकडचे पाणी

मी, त्रिविक्रमराव हयवदनराव, वय एकसष्ट, यशवंतपूरच्या मालधक्क्यावरील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, राहणार मल्लेश्वरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझ्या बुद्धीविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी आजच येऊन मला एकोणतिसाचा पाढा विचारावा. पितृपक्षात असले कागद करू नयेत, असे आमचे पुरोहित भीमाचार्य म्हणाले. पितृपक्षात शुभकार्य करू नये हे मलाही ठाऊक आहे. मृत्युपत्र हे शुभकार्य नव्हे, म्हणून मुहूर्त उत्तम आहे.

कागद करण्याचे कारण असे. गेल्या दसऱ्याला डॉक्टर विश्वेश्वर मला म्हणाले, "राव, मूतखडा दोनदा झाला, रक्तात साखर आहे, मूत्रपिंडे थकली आहेत. हा गोड सोडा बंद करून साधे पाणी प्याल तर अजून सुधाराल. नाहीतर निरवानिरव करून ठेवा." दोन्हींपैकी निरवानिरव मला सोपी वाटली.

कलम १. सवयीची हकिगत, म्हणजे मागाहून कोणी तिखटमीठ लावू नये. सन १९३१, चैत्रातली एकादशी. आमच्या घरात एकादशीला पाण्याचा थेंबही चालत नाही. मालगाडीच्या वाघिणी मोजताना जीभ टाळूला चिकटली. समोर मल्लाप्पाची सोड्याची गाडी उभी होती. मी विचार केला, पाणी म्हणजे नदीचे, विहिरीचे किंवा पावसाचे. हे तर यंत्रातून निघते आणि नाकात झिणझिण्या आणते. हे पाणी कसे? दोन बाटल्या प्यालो आणि उपास अखंड राहिला. द्वादशीला पारण्याचे पाणी तोंडात घेतले तर अगदी मेलेले लागले. तेव्हापासून संध्येच्या आचमनाच्या पळ्या सोडल्या तर पाणी माझ्या घशाखाली उतरलेले नाही. औषधाची गोळीसुद्धा मी आल्याच्या सोड्याबरोबर घेतो.

कलम २. भीमाचार्यांविषयी. त्यांनी माझा युक्तिवाद ऐकून एका लग्नाच्या पंगतीत, चाळीस पानांसमोर, "सोडा म्हणजे पाणीच, उपास मोडला," असा निवाडा देऊन मला प्रायश्चित्त सांगितले. त्याच दुपारी अकरा पुरणपोळ्यांनंतर ओसरीवर येऊन मला हळूच म्हणाले, "राव, एक बाटली मागवता का? औषध म्हणून." एकतीस वर्षे मी हे विसरलेलो नाही. त्यांना या कागदावर मी साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, हे त्यांना सही करून झाल्यावर सांगावे.

कलम ३. मल्लाप्पा हाही साक्षीदार आहे, पण द्वेषाने नव्हे. तो मूळचा बेळगावकडचा, मनाने सरळ, आणि मी निवृत्त झाल्यापासून रोज सहा बाटल्या घरपोच करतो. न्हाणीघरातल्या तेवीस रिकाम्या बाटल्या त्याच्याच आहेत, त्या त्याला परत कराव्यात. हे दान नव्हे.

कलम ४. चांदीची तपकिरीची डबी कोणालाही देऊ नये. ती सवय मी १९५४ साली सोडली आणि शिंका अजून चालू आहेत. डबी मोडून नातवंडांना चमचे करावेत. नातवंडे अद्याप नाहीत. कन्या नीरजा हिने याची नोंद घ्यावी.

कलम ५. राहते घर, गळणाऱ्या नळासह, पत्नी कृष्णाबाई हिला तहहयात, तिच्या पश्चात नीरजेला. येथे थोडे अधिक लिहावे लागते. डॉक्टरांचे बोलणे ऐकून आल्या दिवशी कृष्णाबाईने मला सांगितले, "तुम्ही पाणी प्यायला लागाल त्या दिवशी मी कॉफी घेईन, तोवर नाही." मला हसू आले. मंडळी, ही बाई लग्नात मंगळसूत्र घालताना मागून कॉफीचा वास आला म्हणून मान वळवून बसली होती. दोन दिवसांत हार खाईल असे वाटले. अकरा महिने झाले. सकाळी तिचे डोके ठणकते, कपाळाला सुंठ लावून वावरते. मला, पाहुण्यांना, पेपरवाल्यालासुद्धा कॉफी करून देते. एकदा मी पाहिले, फिल्टरचे झाकण उघडून ती नुसती उभी होती. मी पाय न वाजवता मागे फिरलो आणि सोड्याची बाटली फोडून प्यालो. या कृत्याची मला लाज वाटते. हे वाक्य खोडू नये.

येथवर लिहून आज सकाळी मी कागद, कलम २ चे शेवटचे वाक्य गाळून, साक्षीदारांना वाचून दाखवला. कृष्णाबाई दारात ऐकत होती. पुढची हकिगत साक्षीदारांसमक्ष लिहीत आहे.

ती म्हणाली, "झालं वाचून? सरी, बरं झालं. घर मला नको."

मी म्हणालो, "अगं, मृत्युपत्र आहे. तुला विचारून थोडंच करायचं असतं?"

"मग खोडा ते. एवढ्या घरात एकटीनं काय करू, खोल्या मोजू? द्यायचं तर आत्ता द्या. जिवंत माणसाकडून मागतेय मी." आणि तिने पाण्याचे भांडे माझ्यासमोर ठेवले.

भीमाचार्य छताकडे पाहू लागले. मल्लाप्पा म्हणाला, "प्या की अण्णा. माझं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. स्वल्प स्वल्प प्या."

मी भांडे उचलले. नाकाला झिणझिण्या नाहीत, चव नाही, काही नाही. चार घोटांत संपवले. कृष्णाबाई आत गेली आणि कॉफीचा पेला घेऊन बाहेर आली. परपुरुषांसमोर कधी न बसणारी ती बाई आमच्या मधोमध खाली बसली, डोळे मिटले आणि पहिला घोट घेतला. मला रडू आले. सरकारी कागदात असे लिहीत नाहीत, पण मी निवृत्त आहे.

कलम ६. हे सर्वांत शेवटी लिहिले असले तरी सर्वांत आधी पाळावे. वरील कलमे अमलात आणण्याची मला आता घाई नाही. संबंधितांनी वाट पाहावी.

बेंगळूर, रविवार, ता. १६ सप्टेंबर १९६२.

सही: त्रिविक्रमराव हयवदनराव

साक्ष: मल्लाप्पा (सही कानडीत)

साक्ष: भीमाचार्य (कलम २ मधील पुरणपोळ्या नऊ होत्या, या हरकतीसह)

ता. क. सहीनंतर कृष्णाबाईने दुसरे भांडे आणून ठेवले आहे.