चौथा कप

बाई, आज कॅम्पस इंटरव्ह्यूला माझ्या एका विद्यार्थिनीने समोरच्या साहेबांनाच चहा वाटला, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवेना. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमचा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा विषय आता मी शिकवते, मुलांच्या नोकऱ्यांचं कामही माझ्याच गळ्यात आहे. ही मुलगी सटाण्याकडची. हुशार, पण आवाज घशातच राहणारा. वडिलांनी बजावलं होतं, या खेपेला नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बघून गेलेल्या पाहुण्यांना होकार कळवायचा. त्यामुळे तिच्याइतकीच धाकधूक मलाही होती.

मी कोपऱ्यात बसलेय. समोर अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचे तीन साहेब. ती आत येते, नमस्कार करते आणि तेवढ्यात शिपाई चहा घेऊन येतो. झालं! ही सरळ त्याच्या हातातला ट्रे घेते, ओढणी सारखी करते आणि मान खाली घालून एकेकापुढे कप धरते. मी कपाळाला हात लावला. महिनाभर घोकून घेतलेलं सगळं पाण्यात. साहेब हसले तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाली. मग माझ्यासाठी आलेला चौथा कप घेऊन ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सॉरी सर, सवय लागलीय. यंदा तीनदा पाहायचा कार्यक्रम झाला माझा. तिथं सगळे प्रश्न त्यांचेच असतात. इथं मी पण विचारू का?"

"विचारा ना."

"तुमच्याकडच्या मुली नोकरी का सोडतात?"

बाई, मला एकदम तुमचा वर्ग आठवला. सरावाच्या मुलाखतीत तुम्ही विचारलं होतं, तुला काही विचारायचंय का? मी ऐटीत "नाही" म्हटलं. तुम्ही चष्मा काढलात. "साडी घेताना रंग जातो का विचारतेस, आणि जिथे उमेदीची वर्षं घालवणार तिथे काहीच विचारायचं नाही?" सगळा वर्ग हसला आणि मी दोन दिवस फुगून बसले होते.

थोरले साहेब कप खाली ठेवून पुढे सरकले. मग रात्रपाळी, बसची सोय असं काय काय खरं खरं बोलले. हिनेही मान वर करून चार गोष्टी सुचवल्या. संध्याकाळी तिची निवड झाल्याचं कळलं. पाठोपाठ वडिलांचा फोन, "मॅडम, मनी पोर नोकरीले लागनी! पाहुण्यांना सांगितलं, आता थांबा." ते रडत होते की हसत होते, कळेना. मी मात्र दोन्ही केलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तेच बरं. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "उद्या तिला घरी घेऊन ये." मी आणलंही असतं. पण खरं सांगते बाई, वर्गात तुमची लाडकी मी होते, आणि मला तिचा हेवा वाटला असता.